रॉकेट नव्हे, विमानाची रेघ: गच्चीवरून आकाश टिपण्याची रीत

आमच्या नागपुरात अजूनही एखादं पोरगं वर बोट करून ओरडतं, "रॉकेट! रॉकेट चाललं!" आणि चार घरांच्या गच्च्यांवर माना वर होतात. ते रॉकेट नसतं. दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जाणारं साधं प्रवासी विमान असतं आणि त्याच्यामागची पांढरी रेघ म्हणजे धूरही नसतो. पण पोराचं निरीक्षण चोख असतं. वरून दिवसभर विमानं जातात, ओरडावंसं वाटतं ते रेघ सोडणारं दिसलं तरच.

ती रेघ टिपायचा नाद मला गच्चीवर वाळवणं राखताना लागला. पहिल्या वर्षीचे फोटो पाहिले तर निळ्या कागदावर खडूचा ओरखडा, यापलीकडे त्यांत काही नाही. कॅमेरा बदलून पाहिला, फरक पडला नाही. या फोटोतलं बारा आणे काम कॅमेरा हातात घेण्याआधीच होतं, हे कळायला वेळ लागला. म्हणून सुरुवात कॅमेऱ्यापासून नको, हवेपासून करू.

रेघ कधी उमटते

विमानाचं इंधन केरोसीनच्या जातीचं. ते १ किलो जळलं की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. ही गरम, दमट हवा इंजिनातून बाहेर पडून भोवतीच्या गोठवणाऱ्या हवेत मिसळली की वाफेचे थेंब होतात आणि क्षणात त्यांचे बर्फकण बनतात. डिसेंबरच्या पहाटे बोलताना तोंडातून वाफ निघते, तसाच प्रकार. वाफ थिजायला थोडा अवधी लागतो, म्हणून इंजिन आणि रेघ यांच्यामध्ये एक मोकळी जागा दिसते. चांगल्या फोटोत ही फट स्वच्छ दिसली पाहिजे. माझ्या दृष्टीने फोटो जमला की नाही याची ती पहिली खूण.

यासाठी हवा साधारण उणे ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड लागते. हे गणित जर्मनीच्या अर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये मांडलं आणि अमेरिकेच्या हर्बर्ट अॅपलमन यांनी १९५३ मध्ये पुढे नेलं. आपल्यासाठी त्यातली मेख अशी की, महाराष्ट्रावरची वरची हवा युरोपच्या मानाने उबदार आहे. आपल्याकडे ३०,००० फुटांवर तापमान उणे तीसच्या आसपास असतं, ३५,००० च्या सुमारास ते उणे चाळिशी गाठतं आणि ३९,००० फुटांवर उणे पन्नासच्या खाली जातं. त्यामुळे ३३,००० फुटांवरचं विमान डोक्यावरून कोरडं निघून जातं आणि पाच मिनिटांनी ३९,००० फुटांवरचं दुसरं भलीमोठी रेघ ओढतं. "एक विमान फवारतं, दुसरं फवारत नाही, म्हणजे नक्की विष असणार" असले निरोप व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. त्यांचं उत्तर या सहा हजार फुटांत आहे.

थंडीमुळे रेघ उमटते, पण ती टिकणार की नाही हे वरची आर्द्रता ठरवते. हवा कोरडी असेल तर विमानामागे बोटभर शेपूट दिसतं आणि पुसलं जातं. हवा बर्फाच्या हिशेबाने ओलसर (म्हणजे बर्फकण विरणार नाहीत इतकी ओली) असेल तर रेघ तासभरही राहते, फुगते, पिंजलेल्या कापसासारखी पसरते. दहा मिनिटांहून अधिक टिकलेल्या रेघेला जागतिक हवामान संघटनेच्या २०१७ च्या मेघकोशात ढगाचा दर्जा मिळाला आहे. नाव आहे 'सिरस होमोजेनिटस', म्हणजे माणसाच्या करणीने झालेला तंतुमेघ.

दिवस निवडणे

जून ते सप्टेंबर विसरा. एप्रिल-मेमध्ये धुळकट पांढुरकं आकाश आणि तापलेल्या स्लॅबवरून उठणारी झळ, दोन्ही फोटोची माती करतात. पावसाने धूळ धुऊन नेल्यानंतरचा ऑक्टोबर चांगला, आणि खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. या महिन्यांत वरच्या थरातले वेगवान पश्चिमी वारे दक्षिणेकडे सरकलेले असतात आणि उत्तरेतून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी हिवाळी पावसाची हवा) गेला की त्याच्या कडेने वरची ओल आपल्याकडेही येते. अशा दिवशी रेघा टिकतात.

आदल्या रात्री विंडी हे हवामानाचं अॅप उघडा. त्यात आर्द्रतेचा थर निवडा आणि उंची ३९,००० फूट, म्हणजे २०० हेक्टोपास्कलवर (हे हवेच्या दाबाचं माप) न्या. तुमच्या गावावर आकडा ६० ते ७० टक्क्यांच्या वर असेल तर सकाळी गजर लावा. हे टक्के पाण्याच्या हिशेबाने मोजलेले असू शकतात; तसं असेल तर उणे पन्नासला बर्फाच्या हिशेबाने तेवढ्यातच हवा भरलेली असते, म्हणून शंभराची वाट पाहायची नाही. आकडा २० असेल तर झोपा. अंदाज चुकतोही, पण अंदाजाशिवाय गच्चीवर घालवलेल्या सकाळींपेक्षा हे बरं.

विमान ओळखणे

फ्लाइटरडार२४ या विमानं दाखवणाऱ्या अॅपवर डोक्यावरच्या विमानाला बोट लावलं की त्याची जात, उंची, कुठून कुठे चाललंय हे सगळं दिसतं. आठवडाभर रोज एकाच वेळी पाहा, तुमच्या गावावरचे हवाई रस्ते पाठ होतील. नागपूरकरांचं नशीब याबाबतीत थोर आहे. दिल्लीहून हैदराबाद, बंगळुरू, चेन्नईकडे जाणारी आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी वाहतूक इथे एकमेकींना छेदते, म्हणजे आमचं आकाश हा एक चौकच आहे. देशांतर्गत विमानसेवा २५ मार्च २०२० ला बंद झाली आणि २५ मे २०२० ला पुन्हा सुरू झाली. त्या दोन महिन्यांत हा चौक किती सुना झाला होता, ते गच्चीवर झोपणाऱ्यांना आठवत असेल.

अॅपमध्ये तीन गोष्टी बघा: उंची ३६,००० च्या वर आहे का, विमान मोठं आहे का, आणि ते अगदी डोक्यावरून जाणार की कडेने. क्षितिजापासून ३० अंशांवर दिसणारं विमान डोक्यावरच्या विमानाच्या दुप्पट लांब असतं आणि मधली सगळी धूळही फोटोत येते. मी ६० अंशांच्या खालचं विमान लांब भिंगाने टिपायला जात नाही. अंश मोजायला हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश.

आवाजावर मात्र विसंबू नका. ११ किलोमीटरवरून आवाज खाली यायला जवळपास ३५ सेकंद लागतात. तेवढ्यात विमान नऊएक किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. डोक्यावर घरघर ऐकू आली तर विमान चार मुठी पुढे शोधायचं.

भिंग आणि थोडं गणित

बोइंग ७७७ चा लांब प्रकार जवळपास ७४ मीटरचा. ११ किलोमीटरवरून तो पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या पाऊणपट दिसतो. ४०० मिलिमीटरच्या भिंगातून, २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर त्याची लांबी सातशेच्या आसपास पिक्सेल भरते. इंजिनं मोजता येतात, रंग ओळखता येतो. एअरबस ए३२० याच्या निम्म्या लांबीचा, त्यामुळे तो साडेतीनशे पिक्सेलवर थांबतो. म्हणून ३०० मिलिमीटरच्या खाली विमानाचा तपशील मिळवायचा हट्ट नको; तिथे रेघ आणि आकाश हाच विषय ठेवा. निकॉन पी९०० किंवा पी१००० सारखे लांब झूमचे कॅमेरे या कामात महागड्या भिंगांना लाजवतात, पण पूर्ण झूमवर विमान चौकटीत सापडणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. आधी झूम कमी ठेवून विमान पकडा, मग हळूहळू वाढवा.

ट्रायपॉड डोक्यावरच्या विमानासाठी कुचकामी. मान मोडते आणि विमान निघून जातं. माझा उपाय घरगुती आहे: गच्चीवर बाज टाकायची, उशी घ्यायची, उताणं पडायचं, कोपर छातीशी टेकवायचे. शेजारचे हसतात. हसू द्या.

कॅमेऱ्याची मांडणी

फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) 'डेलाइट'वर कायम. छिद्र एफ/८. त्याहून बारीक, एफ/१६ वगैरे केलंत तर सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण निळ्या आकाशात काळा ठिपका होऊन बसेल. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ते ४००. शटर १/१००० सेकंदाहून सावकाश नको. त्यामागचा हिशेब असा: ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान डोक्यावर सेकंदाला सव्वा अंशाहून अधिक सरकतं. कॅमेरा स्थिर ठेवला तर ४०० मिलिमीटरवर १/१००० सेकंदातही त्याची प्रतिमा सेन्सरवर दोनेक पिक्सेल घसरते. म्हणून विमानाबरोबर कॅमेरा फिरवत राहायचं आणि फिरवता फिरवता सलग फोटो घ्यायचे. दहा-पंधरांत एक धारदार निघतो.

प्रकाशमोजणी पूर्ण हाती करा. विमानाचं पांढरं पोट आणि रेघ ही चौकटीतली सर्वांत उजळ गोष्ट. ती जळली की परत येत नाही. आधीच्या एखाद्या विमानावर चाचणी फोटो घ्या, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढरा भाग चमकून इशारा देत असेल तर शटरचा वेग आणखी वाढवा. आकाश थोडं गडद आलं तर बिघडत नाही, उलट रेघ उठून दिसते.

फोकसने मला सर्वांत जास्त रडवलं आहे. रिकाम्या निळ्या आकाशात ऑटोफोकसला धरायला काहीच मिळत नाही. ते पुढे-मागे घुर्र घुर्र करत बसतं आणि तेवढ्यात पाहुणा निघून जातो. एका जानेवारीत दोन रेघा बरोबर डोक्यावर छेदत होत्या आणि माझ्याकडे त्यांचे चाळीस धूसर फोटो आहेत. तेव्हापासून मी दिवसा दिसणाऱ्या चंद्रावर, नाहीतर दोन-तीन किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरवर फोकस धरतो, मग मॅन्युअल करतो आणि भिंगाच्या कड्यावर चिकटपट्टी लावतो. भिंगावर अनंताची खूण असते तिथे लावून मोकळं होऊ नका. बऱ्याच भिंगांचं कडं त्या खुणेच्या पलीकडेही फिरतं. शिवाय ऊन वाढलं की फोकस किंचित हलतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासा.

कोकण-गोव्यातल्यांसाठी एक वेगळी सूचना. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर भिंगावर बाष्प धरतं आणि पुसलं तरी पुन्हा येतं. अर्धा तास आधी बॅगेसकट बाहेर ठेवा.

पोलरायझर फिल्टर आकाश गडद करतो आणि रेघ ठळक, पण तो सगळीकडे सारखा चालत नाही. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात त्याचा जोर सर्वाधिक. सूर्याकडे अंगठा धरा, तर्जनी काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा. तर्जनी जिथे जिथे फिरेल तो तुमचा पट्टा. रुंद भिंगावर मात्र तो काढून ठेवा, नाहीतर आकाशाच्या मधोमध गडद निळा डाग येतो. लांब भिंगावरही मी तो क्वचितच लावतो, कारण तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) आणि मला वेगवान शटर हवं असतं.

वेळ: विमानाचं पोट उजळतं तेव्हा

दुपारी बाराला विमानाचं पोट सावलीत असतं, वरून दिमाखदार दिसणारं विमान फोटोत करड्या पालीसारखं येतं. सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्ताआधीचे दीड-दोन तास घ्या. तिरपं ऊन पोटाखाली शिरतं, पंखांच्या कडा तापलेल्या तारेसारख्या दिसतात. दोन इंजिनांच्या दोन रेघा वेगळ्या दिसतात आणि पुढे पंखांच्या टोकांवरून सुटलेल्या भोवऱ्यांत गुंतत जातात. चार इंजिनांचं ए३८० आलंच तर चार रेघांच्या दोन होताना पाहायला मिळतात.

माझी सर्वांत आवडती वेळ त्यानंतरची आहे. जमिनीवर सूर्य मावळला, लोक आत गेले, तरी ११ किलोमीटरवर तो मावळलेला नसतो. उंचीमुळे तिथलं क्षितिज साडेतीन अंशांनी खाली गेलेलं असतं, त्यामुळे डोक्यावरच्या रेघेवर आणखी पंधराएक मिनिटं ऊन राहतं, पश्चिमेकडच्या रेघांवर त्याहूनही जास्त. खाली संध्याकाळ, वर केशरी धगधगती रेघ. गावात दर वर्षी कुणीतरी "उल्का पडली" म्हणून व्हिडिओ टाकतं, तो बहुधा याच वेळचा असतो. इथे लांब भिंग ठेवून द्या. २४ ते ५० मिलिमीटर, किंवा सरळ मोबाइल.

मोबाइलवर रेघेला बोट दाबून फोकस आणि प्रकाश दोन्ही कुलूपबंद करा, मग बोट खाली ओढून फोटो थोडा काळोखा करा. डिजिटल झूम करू नका. मोबाइलने विमान मिळत नाही, पण आकाशाचा अर्थ मिळतो, आणि त्यासाठी जमिनीवरचं काहीतरी चौकटीत हवं: देवळाचा कळस, चिंचेचा शेंडा, पाण्याची टाकी, वाळत घातलेली साडी. विजेच्या तारांना लोक घाबरतात. मला त्या आवडतात, कारण रेघ त्यांनाच समांतर आली की फोटोला आपसूक ताल येतो. रेघ कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी धरा. विमान चौकटीबाहेर पडायच्या बेतात असेल तो क्षण टाळा, पुढे थोडं आकाश राहू द्या.

सूर्याच्या जवळची रेघ कधी कधी मोरपिशी रंग दाखवते. तेव्हा सूर्य टाकीच्या किंवा भिंतीच्या कडेआड लपवा आणि मगच कॅमेरा उचला. लांब भिंगातून थेट सूर्याकडे, डोळ्याने तर नाहीच, पण मिररलेस कॅमेऱ्यानेही रोखून धरू नका. डोळा आणि सेन्सर दोन्ही जातात. सूर्यबिंबावरून जाणारं विमान टिपायचं असेल तर भिंगाच्या पुढच्या बाजूला सौर फिल्टर हवाच, त्याला पर्याय नाही.

पसरणाऱ्या रेघेचा टाइमलॅप्स

विंडीवर ७० टक्क्यांच्या पुढचा दिवस मिळाला तर तो एकेका फोटोवर खर्च करू नका. ट्रायपॉड लावा, रुंद भिंग, सगळं मॅन्युअल, दर ४ सेकंदांना एक फोटो. दहा मिनिटांत १५० फोटो होतात, म्हणजे सेकंदाला २५ च्या वेगाने ६ सेकंदांची चित्रफीत. कमी वाटेल, पण एक रेघ जन्मून दोरी, दोरीतून लोंबते झुंबरासारखे गोळे आणि शेवटी चादर होते हे सगळं त्यात बसतं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो, त्यामुळे दिल्ली-चेन्नईच्या वाटेवरची रेघ उभीच्या उभी पूर्वेला सरकते. चौकटीत पूर्वेकडे जागा सोडा. एकाच वाटेवरून तीन विमानं गेली तर तीन समांतर रेघा मिळतात. लोक समजतात तीन विमानं एकत्र उडाली.

खालच्या पातळ ढगावर रेघेची काळी सावली पडलेली दिसली तर टाइमलॅप्स थांबवून तिचाही एखादा फोटो घ्या. रोज दिसत नाही.

चंद्रावरून जाणारं विमान

याला चिकाटी लागते, पैसा नाही. पौर्णिमेच्या आसपास चंद्र वर आल्यावर अॅपमध्ये तुमच्या आणि चंद्राच्या दिशेच्या मधली वाहतूक पाहत बसायचं. डोक्यावरचं विमान चंद्रबिंब ०.४ सेकंदात ओलांडतं, तिरप्या कोनावरचं जरा सावकाश. सेकंदाला दहा फोटो घेणारा कॅमेरा असला तरी हाती चार लागतील. चंद्र मधोमध, ट्रायपॉड घट्ट, एफ/८, १/१००० सेकंद, आयएसओ ५०० च्या जवळ. विमानाचे दिवे बिंबापासून एका मुठीवर आले की बोट बटणावर ठेवा, पाव मुठीवर आले की दाबा. मला यात तीन हिवाळ्यांत दोन फोटो मिळाले आहेत आणि त्यातल्या एकात विमानाची शेपटी कापली गेली आहे.

कुठे कॅमेरा काढायचा नाही

विमानतळाच्या आवारात आणि धावपट्टीच्या कुंपणालगत परवानगीशिवाय फोटो काढू नका. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं, नागपुरात सोनेगावला हवाई दलाचा तळ आहे. लांब भिंग घेऊन तिथे घुटमळणाऱ्याला कुणी चहा पाजत नाही. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने लष्करी विमानतळांवर उतरता-उडताना १०,००० फुटांपर्यंत खिडक्यांचे पडदे खाली ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा प्रवासात कर्मचारी काय सांगतील ते ऐका. उंचीवर गेल्यावर सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मिळाली तर खालच्या ढगांवर विमानाच्या सावलीभोवती रंगीत कडं दिसतं. त्यासाठी भिंग काचेजवळ आणा, काचेला टेकवू नका, नाहीतर थरथर फोटोत उतरते.

घरी आल्यावर

संगणकावर फार खेळू नका. उजळ भाग थोडे खाली, काँट्रास्ट थोडा वर, धुरकटपणा कमी करणारी पट्टी पंधरा-वीसच्या पुढे नको; पुढे गेलात की आकाशात दाणे आणि विमानाभोवती पांढरी किनार येते. सेन्सरचे ठिपके पुसताना पक्षी पुसू नका, घारी बऱ्याचदा ठिपक्यासारख्याच दिसतात.

आणि एक वही ठेवा. तारीख, वेळ, विमानाची जात, उंची, विंडीवरची आर्द्रता, रेघ किती मिनिटं टिकली. रेघ न सोडणारी विमानंही लिहा, त्यांची उंची तर आवर्जून. माझ्या वहीत गेल्या डिसेंबरच्या एका पानावर ओळीने सात विमानं आहेत. सहांपुढे "कोरडं", आणि ४१,००० फुटांवरच्या सातव्यापुढे "२५ मिनिटं, चहा गार".